कामगाराचा रविवार आणि गोराईचा पाळणा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलण्याची आज्ञा केली. वर्धा जिल्ह्यात इतिहास म्हटला की सेवाग्राम, पवनार आणि सत्याग्रह यांखेरीज दुसरे काही कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ते साहजिकच आहे. परंतु त्या विषयाचे अधिकारी वक्ते या जिल्ह्यात गावोगाव आहेत. आम्ही पडलो चळवळीतले कार्यकर्ते. विद्यापीठाची पायरी न चढता गेटसभा, कामगार कायद्याची पुस्तके आणि वाचनालयाचे कपाट यांतून जे हाती लागले, तेवढ्यावर आमचा निर्वाह. म्हणून आम्ही विषय निवडला तो राजाचा नव्हे, लढाईचा नव्हे, पाळण्याचा निवडला. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली सुरू झालेल्या आणि २०२२ साली बंद पडलेल्या एस्सेलवर्ल्ड या करमणूक-नगरीचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आपण विचाराल, जाम कोठे आणि गोराई कोठे? जाम हे चौरस्त्याचे गाव. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग आणि वरोरा-चंद्रपूरकडे फुटणारा रस्ता येथे मिळतात. गोराईची खाडी येथून सुमारे आठशे किलोमीटरवर. हा प्रश्न रास्त आहे. परंतु १९९० च्या सुमारास आपल्यापैकी ज्यांच्या घरी किंवा शेजाऱ्याच्या घरी दूरदर्शन होते, त्यांनी आठवून पाहावे. घरी परतायचेच नाही असा हट्ट धरणाऱ्या मुलांची ती जाहिरात या तालुक्यातल्या पोराटोरांच्याही तोंडी होती. आम्ही तेव्हा ऐन विशीत होतो. ज्या मुलांनी समुद्र पाहिला नव्हता, त्यांनाही त्या पाळण्याचे नाव पाठ होते. महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीच्या बाळपणाची ती ठेव होती. ती ठेव कशी जमली आणि कशी आटली, हे पाहिले तर आपल्या स्वतःच्या घरातल्या रविवारचेही काहीतरी कळेल, असा आमचा विश्वास आहे.

आमचे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. करमणुकीची जागा यंत्रावर जगत नाही, ती सुटीवर जगते. ज्या समाजात पुष्कळांना एकाच दिवशी सुटी असते, त्या सुटीत घराबाहेर पडण्याइतके पैसे खिशात असतात आणि जाण्यायेण्याची सोय असते, त्या समाजात पाळणा फिरतो. या तिन्हींपैकी एकेक गोष्ट निखळली, की पाळणा कितीही उंच असो, त्याची मोहिनी उतरणीला लागते.

आता थोडे मागे जाऊ. येथून जवळच, याच समुद्रपूर तालुक्यात, गिरडची टेकडी आहे. शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलतात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. दोन वणजाऱ्यांनी बाबांची थट्टा केली म्हणून त्यांच्या गोण्यांतल्या नारळांचे आणि इतर मालाचे दगड झाले, अशी कथा आहे. भूगर्भशास्त्र सांगते की लाव्हारसाच्या खडकातल्या पोकळ्यांत साठलेली ती खनिजे आहेत. कथा खरी असो वा शास्त्र, मुलांना दगड गोळा करण्यात आनंद आहे, आणि त्याला तिकीट नाही. आपल्याकडची जुनी करमणूक ही अशी होती. जत्रा, शंकरपट, सप्ताह, फिरता सिनेमा, लाकडी रहाटपाळणा. जत्रेचा एक मोठा गुण इतिहासकारांनी फारसा नोंदवलेला नाही: जत्रेला फाटक नसते. ज्याच्या खिशात काही नाही तोही आत येतो, पाळणा खालून बघतो, दुसऱ्याच्या पोराची किंकाळी ऐकून हसतो आणि घरी जातो. बघण्याला पैसा पडत नाही.

फाटकाचे उदाहरण अमेरिकेत पाहावे. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड नावाचा समुद्रकिनारा आहे. तेथे १८९५ साली एका गृहस्थाने जागेला कुंपण घातले आणि दारावरच पैसे घेण्यास सुरुवात केली. १८९७ साली जॉर्ज टिल्यू याने स्टीपलचेस पार्क काढला. एकदा पैसे भरा आणि आतले सर्व खेळ खेळा, असा त्याचा सौदा होता. त्यापूर्वी १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचा पोलादी पाळणा उभारून जगाला थक्क केले होते. रहाटपाळणा आपल्या जत्रेतलाच, परंतु आता त्याला वाफेचे यंत्र जोडलेले, पोलादाचे हातपाय आणि भोवती कुंपण. १९०३ साली कोनी आयलंडवर ल्यूना पार्क आले, १९०४ साली ड्रीमलँड आले. १९२० साली शहराची भुयारी गाडी किनाऱ्यापर्यंत पोहोचली. पाच सेंटांच्या भाड्यात न्यूयॉर्कचा शिंपी, हमाल आणि गिरणीतली पोर समुद्रावर येऊ लागली.

तिकडे इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्यांची निराळीच तऱ्हा होती. तेथे एकेका गावच्या सर्व गिरण्या वर्षातून एक आठवडा एकदमच बंद ठेवीत. गावच्या गाव मग रेल्वेत बसून ब्लॅकपूलच्या समुद्रावर लोटे. हा आठवडा गावागावांचा निराळा असल्यामुळे सबंध उन्हाळाभर ब्लॅकपूल गजबजलेले असे. तेथला मनोरा १८९४ सालचा आणि करमणुकीचे मैदान १८९६ सालचे. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या बाजारात नावाने ओळखला जात असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस थांबला, तेव्हा विदर्भ-वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला, आणि त्यानंतर वर्ध्याहून हिंगणघाटाकडे रेल्वेचा फाटा आला. म्हणजे ब्लॅकपूलला ज्या सुताच्या जोरावर माणसे हसत-खिदळत जात, त्यातले काही सूत आपल्या काळ्या मातीतून गेलेले होते. ज्यांनी कापूस वेचला त्यांना मात्र असा आठवडा कधी मिळाला नाही.

मिळाला नाही, कारण आपल्याकडे आठवड्याची सुटीसुद्धा भांडून घ्यावी लागली. हे प्रकरण प्रत्येक शाळेत शिकवले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि रविवारची हक्काची सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवली. पाच हजारांवर सह्यांचे निवेदन गेले. त्यातली पहिली मागणी पगारवाढीची नव्हती, ती रविवारच्या सुटीची होती. सहा वर्षे ही मागणी धूळ खात पडली. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आपण सर्वजण रविवारला जो हक्काने अंथरुणात लोळतो, तो रविवार पंचांगातून आलेला नाही. त्या मैदानातून आलेला आहे.

ही सुटी मागण्यामागे केवळ थकवा नव्हता. ब्रिटनच्या रॉबर्ट ओवेनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दिवसाचे तीन सारखे भाग पाडून दाखवले होते: आठ तास काम, आठ तास करमणूक आणि आठ तास विश्रांती. यातल्या मधल्या भागाकडे बारकाईने पाहावे. झोप तर बैलालाही लागते. करमणूक मागणारा मात्र आपण माणूस आहोत असे सांगत असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास आणि एक दिवसाची सुटी ठरवून दिली, तेव्हा या मधल्या भागाला देशभर कायद्याचे छप्पर मिळाले.

सुटी मिळाली; आता जावे कोठे? मुंबईच्या कामगाराला उत्तर तयार होते. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालची. मलबार टेकडीवरच्या कमला नेहरू उद्यानात म्हातारीचा बूट आला. जुहूची चौपाटी होतीच. या जागांवर मालकी नगरपालिकेची किंवा सर्वांची. नागपूरकडच्या माणसासाठी महाराजबाग होती. १९५३ च्या कायद्याने मुंबई राज्यात कामगार कल्याण निधी उभा राहिला. मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून केंद्रे निघाली. वाचनालय, शिवणवर्ग, भजन, कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पुढे ही केंद्रे आपल्याकडेही आली. या सर्व जागांत जत्रेचा गुण थोडाफार टिकून होता. फाटक असले तरी ते उंच नव्हते.

आता आपण १९८० च्या दशकात येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपाची कथा येथे सांगत नाही. एवढेच सांगतो की त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. जो वर्ग रविवारी एकदम घराबाहेर पडे, त्याचे कंबरडे मोडले. त्याच दशकात दुसरा वर्ग वर आला: बँक, विमा, सरकारी कचेऱ्या आणि मोठे कारखाने यांतला पगारदार. त्याला रविवारची सुटी होती, प्रवासभत्ता होता आणि घरात दूरदर्शन होते. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांचे बोधचिन्ह असलेला अप्पू हत्ती या वर्गाच्या मुलांचा लाडका झाला. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्याच्याच नावाने अप्पूघर निघाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८९ साली, सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाने गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडले.

जागा कशी निवडली होती ते पाहण्यासारखे आहे. गोराई, मनोरी, उत्तन हा सगळा पट्टा म्हणजे जुने धारावी बेट. वसईच्या मोहिमेत, १७३९ च्या मार्च महिन्यात, चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांकडून हे बेट घेतले आणि मे महिन्यात वसई पडली. कोळी आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांची ही जुनी वस्ती. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही खाडीमुळे ती शहरापासून वेगळी राहिली. बोरिवलीकडून किंवा मालाडच्या मार्व्याकडून बोटीत बसायचे आणि खाडी ओलांडायची. परळच्या चाळीतल्या किंवा डोंबिवलीच्या दोन खोल्यांतल्या मुलाला ही बोट हीच पहिली मौज होती. अर्धा तास आधी घाम आणि गर्दी होती. आता पाणी, वारा आणि समोरच्या झाडांवर दिसणारी पाळण्याची टोके. माणसाला आपण दुसऱ्या मुलखात आलो असे वाटावे, यासाठी यंत्राच्या आधी ती खाडी काम करी.

आत गेल्यावर झिपर डिपर, हूला लूप, शॉट-अँड-ड्रॉप अशी नावे. धुक्यातल्या भुतांचे घर. बर्फावर घसरण्याची जागा. मुंबईच्या उकाड्यात बर्फ! शाळांच्या सहली येत, कचेऱ्यांच्या क्लबांच्या सहली येत, कारखान्यांची कुटुंबे येत. आमच्या संघटनेच्या कामातून मुंबई-ठाण्याच्या पुष्कळ कामगारांशी आमची ओळख. त्यांच्याकडून एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत ऐकली आहे. बोनस मिळाला की दोन खर्च ठरलेले असत, एक पत्नीची साडी आणि दुसरा मुलांना पाळण्यावर नेणे. त्या दिवशी बापाला मुकादम हाक मारू शकत नसे. घरातला सर्वांत दमलेला माणूस एका दिवसासाठी घरातला सर्वांत शूर माणूस होई. ती मोहिनी यंत्राची नव्हती, श्रोतेहो. ती मुलाच्या डोळ्यांतल्या बापाची होती.

मग ही मोहिनी का उतरली? वर्तमानपत्री उत्तर सोपे असते: पाळणे जुने झाले, मुले मोबाईलला चिकटली, करोना आला. यांतले काहीही खोटे नाही. परंतु ही शेवटची पाने आहेत. ग्रंथ आधीपासून वाचला पाहिजे.

पहिले पान १९९२ चे. त्या वर्षी २ ऑक्टोबरला ज्यांनी पाळणे उभारले त्यांनीच झी वाहिनी सुरू केली. याला आम्ही दोष म्हणत नाही. तो व्यापाराचा ओघ होता. परंतु इतिहासाची गंमत पाहावी. तीन वर्षांपूर्वी ज्या समूहाने कुटुंबाला खाडी ओलांडून बाहेर काढले, त्याच समूहाने आता करमणूक घरात आणून दिली. बोट नको, भाडे नको, रविवारही नको. सुटीचा आणि करमणुकीचा जो सांधा होता तो येथे प्रथम निखळला. पूर्वी करमणुकीसाठी सुटी लागे. आता रात्री साडेनऊला पाळी संपवून आलेला माणूसही जेवताना करमणूक करून घेऊ लागला.

दुसरे पान गिरण्यांच्या जमिनीचे. मुंबईत गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने असे ठरवले होते की गिरणीची जमीन विकसित करताना स्थूलमानाने एक हिस्सा मोकळ्या मैदानांसाठी महापालिकेला, एक हिस्सा घरांसाठी म्हाडाला आणि एक हिस्सा मालकाला मिळावा. म्हणजे गिरणगावाच्या पोटात बागा आणि क्रीडांगणे होण्याची ही एक संधी होती. २००१ साली नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची करावयाची असे ठरले, आणि मैदानांचा हिस्सा आक्रसून गेला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी बाजार उभा राहिला. आपल्या नागपूरला १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल होती, जिने निवृत्तिवेतनाची आणि १९०१ साली भविष्यनिर्वाह निधीची योजना काढून देशाला धडा घालून दिला. तिच्याही जागेवर आज बाजारच आहे. या बाजारांत थंड हवा आहे, फिरते जिने आहेत, मुलांचे खेळ आहेत. रविवारची गर्दी तिकडे वळली. बागेच्या ऐवजी बाजार, हा बदल पाळण्याला भोवला.

तिसरे पान रस्त्याचे. २०१३ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ इमॅजिका निघाले, नवे, भव्य आणि मोटारीने सहज गाठण्याजोगे. गोराईला बोटीने जावे लागे, हा ज्या काळी गुण होता तोच आता अवगुण ठरला. ज्याच्याकडे मोटार आली त्याला खाडी ही मौज वाटेना, अडचण वाटू लागली. आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्याला तिकीट परवडेना. मधला माणूस, जो बोटीत बसून आनंदाने येई, तोच कमी झाला होता.

चौथे पान पैशाचे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा करमणूक उद्यानांवर २८ टक्के कर बसला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला. लहान मुलाच्या झोपाळ्यावर चैनीच्या वस्तूइतका कर असावा, हा निर्णय सहा-सात महिने का होईना, पण या देशात अमलात होता. त्यात आणखी अशा उद्यानांत बहुधा घरची शिदोरी आत नेऊ देत नाहीत. पुरीभाजीचा डबा दारावर ठेवायचा आणि आत चौपट दराने वडा घ्यायचा, हे ज्या गृहिणीला एकदा करावे लागले, ती दुसऱ्या वर्षी दुसरी जागा शोधते.

पाचवे पान जमिनीचे, आणि ते सर्वांत जड आहे. पाळण्याखालची जमीन पाळण्यापेक्षा महाग झाली, की पाळण्याचे दिवस भरतात. कोनी आयलंडचे स्टीपलचेस १९६४ साली बंद पडले. पुढच्याच वर्षी ती जागा इमारतींसाठी विकली गेली आणि १९६६ साली तेथला काचेचा मंडप पाडला. दिल्लीचे अप्पूघर २००८ साली बंद झाले, कारण ती जमीन सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी हवी होती. गोराईच्या बाबतीतही, २००० च्या दशकात उद्यानाच्या मालक कंपनीनेच गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात पर्यटनाचे विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला होता. कोळी आणि शेतकरी कुटुंबे त्याविरुद्ध उभी राहिली आणि प्रस्ताव मागे पडला. आम्हांला त्या गावकऱ्यांचा अभिमान वाटतो. पाळण्याच्या आनंदाचा हिशेब मांडताना, तो ज्यांच्या दारात उभा होता त्यांच्या शेताचा आणि जाळ्याचा हिशेब विसरता येत नाही.

मालकांनी नवे काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९८ साली शेजारीच वॉटर किंगडम हे पाण्याचे उद्यान निघाले. २०१८ साली पक्षी उद्यान निघाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, आणि २०२२ साली जुने पाळणे कायमचे थांबले. पाणी आणि पक्षी मात्र चालू राहिले. यातही एक धडा आहे. पाण्याला आणि पक्ष्याला नवेपणा लागत नाही. पाळण्याला लागतो, कारण वळण एकदा पाठ झाले की भीती जाते, आणि भीती गेली की मौज जाते. पाळणा हे शेवटी यंत्र आहे. त्याचा घसारा दरवर्षी बाजूला काढावा लागतो, सुटे भाग बदलावे लागतात, कुशल फिटर टिकवावे लागतात. ज्यांनी गिरण्यांत काम केले त्यांना हे सांगावयास नको. जुन्या मागांवर नफा काढत राहायचे आणि जमिनीच्या भावाकडे डोळा ठेवायचा, या रीतीने कितीतरी गिरण्या झिजल्या. यंत्र झिजते तेव्हा प्रथम त्याला तेल घालणारा माणूस कामावरून कमी होतो. पाळणा बंद पडला म्हणून जुन्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या. पाळण्याची कळ दाबणारे, पट्टा बांधणारे, बोट हाकणारे हात पुढे कोठे गेले, हे कोणी लिहिले नाही.

येथे एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, जग बदलते, मुले बदलतात. जुनी करमणूक जाते, नवी येते. यात एवढे दुःख कसले? आक्षेप वजनदार आहे, म्हणून उत्तरही प्रत्यक्ष उदाहरणाने द्यावे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे तिवोली नावाची करमणुकीची बाग १८४३ साली निघाली. ती काढणाऱ्या गृहस्थाने राजाला असे पटवले म्हणतात, की लोक मौजेत असले म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाहीत. आम्ही कामगार चळवळीतले लोक या युक्तिवादाला हसतो, कारण डेन्मार्कच्या लोकांनी मौजही केली आणि १८४९ साली राजाकडून राज्यघटनाही मिळवली. १९४४ साली जर्मन ताब्याच्या काळात त्या बागेचा मोठा भाग जाळण्यात आला. काही आठवड्यांतच बाग पुन्हा उघडली. ती आजही चालू आहे. आपल्या राणीच्या बागेचे उदाहरण तर आणखी जवळचे. तिचे दर २०१७ साली वाढले तेव्हा पूर्वी पाच रुपये देणाऱ्या प्रौढाला पन्नास रुपये द्यावे लागू लागले, आणि त्यावर ओरडही झाली. तरी आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबाला एकत्र शंभर रुपये ठेवले. दीडशेहून अधिक वर्षे झालेली ती बाग रविवारी माणसांनी फुलते. तेव्हा जुनेपणाने जागा मरत नाही. जी जागा शहराला आपली वाटते आणि जिथले फाटक कमी उंचीचे असते, ती जुनी होऊनही जगते.

आता शेवटी आपल्या चौरस्त्याकडे येऊ. जामच्या महामार्गावर चोवीस तास दिवे जळतात. ढाब्यांवर, पेट्रोलपंपांवर, टोलनाक्यांवर, सूतगिरण्यांत आणि मालमोटारींवर शेकडो हात राबतात. यांतल्या कितींना रविवार आहे? नवरा रात्रपाळीला, बायको सकाळी कापूस वेचायला, थोरला मुलगा ठेकेदाराकडे बारा तास. कायद्याने साप्ताहिक सुटी प्रत्येकाला आहे. परंतु एकाची मंगळवारी, दुसऱ्याची गुरुवारी, आणि ठेकेदाराकडे खाडा केला तर मजुरी बुडते. कुटुंबातल्या चारही माणसांची सुटी एका दिवशी येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम आहे, असे सांगितले गेले. हिशेब कागदावर बरोबर आहे. परंतु बारा तास उभा राहिलेला बाप घरी आल्यावर मुलाला खांद्यावर घेत नाही, हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते.

म्हणून करमणुकीचा प्रश्न हा श्रीमंतांचा प्रश्न नव्हे. तो वेतनाच्या प्रश्नाचाच धाकटा भाऊ आहे. आमच्या संघटनांनीही मागणीपत्रकात त्याला जागा दिली पाहिजे. वर्षातून निदान काही दिवस सर्व पाळ्यांना एकत्र भरपगारी सुटी. साप्ताहिक सुटी शक्य तेथे कुटुंबाला एकाच दिवशी. कामगार कल्याण निधीचा वापर केवळ शिलाईयंत्रांवर न होता मुलांच्या मैदानांवर. आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी ग्रामपंचायतीची किंवा नगरपंचायतीची एक बाग, जिथे घरची शिदोरी उघडून बसता येईल. या मागण्या लहान वाटतील. लोखंडे यांनी रविवार मागितला तेव्हा तोही मालकांना अवास्तव वाटला होता.

गोराईचा पाळणा गेला याचे दुःख करण्यास आम्ही उभे राहिलो नाही. तो एका समूहाचा होता, त्याची जमीन त्यांची, त्याचा हिशेब त्यांचा. परंतु त्या पाळण्यात बसलेला जो रविवार होता तो आपला होता. तो १८९० साली दहा हजार माणसांनी मिळवला होता. पाळणे येतील आणि जातील. रविवार हातचा जाऊ दिला, तर उद्या याच चौरस्त्यावर कोणी सोन्याचा पाळणा बांधला तरी त्यात मुलाला बसवण्यासाठी घरात कोणी मोकळे असणार नाही.